एसएमपी मालिका

एसएमपी मालिका : अनेक खेळाडूंनी एकाच सर्व्हरवर, एकाच सामाईक जगात, तगून राहण्याचा व्हिडिओ गेम महिनोन्‌महिने खेळायचा आणि प्रत्येकाने आपापल्या वाहिनीवरून आपल्या बाजूची हकिकत दाखवायची, असा इंटरनेटवरील मालिकांचा एक प्रकार. ‘सर्व्हायव्हल मल्टिप्लेअर’ या शब्दांवरून एसएमपी हे नाव रूढ झाले. असे खेळ बरेच आहेत, पण हा प्रकार खऱ्या अर्थाने वाढला तो मोजांग या स्वीडिश कंपनीच्या माइनक्राफ्टभोवती. त्या खेळाची पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली, तरी खेळाडूंनी मिळून तगून राहण्याचा खेळ खेळण्याची सोय २०१० पासूनच होती. माइंडक्रॅक हा सुरुवातीच्या नामांकित सर्व्हरांपैकी एक. एप्रिल २०१२ मध्ये सुरू झालेली हर्मिटक्राफ्ट ही मालिका मात्र एकामागून एक सीझन करत दशकाहून अधिक काळ चालत आली आहे.

माइनक्राफ्टचे जग ठोकळ्यांचे असते. तिथला दिवस-रात्र मिळून २० मिनिटांचा. खेळाडूला दहा हृदये असतात. मेला तर तो पुन्हा जन्मतो, पण अंगावरचे सगळे सामान मेला तिथेच सांडते आणि कोणी जवळपास असताना पाच मिनिटे उलटली की नाहीसे होते. सहा महिने खपून मिळवलेली हत्यारे एका चुकीच्या पावलाने लाव्हात जातात, तेव्हा त्या खेळाडूचा आवाज खरोखरच कापतो. प्रेक्षकाने ते सहा महिने पाहिलेले असतात, म्हणून त्याच्याही पोटात गोळा येतो. या मालिकांची ओढ समजून घ्यायची तर इथून सुरुवात करावी लागते. इथे गोष्ट आधी रचून मग नेपथ्य उभे केलेले नसते. माणसे आधी जमीन खणतात, शेत लावतात, घर बांधतात आणि त्या कष्टांतून गोष्ट निघते.

हर्मिटक्राफ्टमध्ये हिरे हेच चलन. एक खेळाडू आतषबाजीचे रॉकेट विकतो, दुसरा काच, तिसरा लाकूड. दुकानात दुकानदार नसतोच. भाव फलकावर लिहिलेला असतो. गिऱ्हाइकाने माल उचलायचा आणि हिरे आपल्या हाताने पेटीत टाकायचे. सारे विश्वासावर चालते. सातव्या सीझनमध्ये (२०२०–२१) हा बाजार एका मश्रूम बेटावर वसला होता. तिथल्या जमिनीवर गवताऐवजी मायसेलियम, म्हणजे करड्या-जांभळ्या बुरशीचा थर असतो. निवडणूक होऊन गुडटाइम्सविथस्कार ऊर्फ स्कार हा खेळाडू महापौर झाला आणि त्याने बेटावर गवत लावायला घेतले. ग्रियन हा दुसरा खेळाडू आणि त्याचे साथीदार यांनी गुप्त प्रतिकार दल काढून रातोरात ठिकठिकाणी मायसेलियमचे ठोकळे पेरले. खेळाच्या नियमानुसार गवत आणि मायसेलियम दोन्ही शेजारच्या मातीवर आपसूक पसरतात, त्यामुळे एक ठोकळा नजरेतून सुटला तरी पुरे. जमिनीच्या रंगावरून कित्येक भाग चाललेली ही चढाओढ कोणा लेखकाने कागदावर बसून रचली असती, तर इतकी रंगली नसती.

या प्रकाराची खरी ताकद मात्र अनेक बाजूंत आहे. एकच प्रसंग दहा-बारा वाहिन्यांवर दिसतो. सापळा लावणाऱ्याच्या व्हिडिओत प्रेक्षक त्याच्याबरोबर दबा धरून बसतो; मग त्यात सापडलेल्याचा व्हिडिओ लावतो आणि तो गुणगुणत त्या दाराकडे चाललेला पाहतो. काय होणार हे आता ठाऊक असते, तरी जीव टांगणीला लागतो. सगळ्या बाजू पाहणे कोणालाच जमत नाही, म्हणून प्रेक्षक एकमेकांना राहिलेले दुवे सांगतात, आणि त्यातून त्यांचीही एक वस्ती तयार होते.

ग्रियनने एप्रिल २०२१ मध्ये सुरू केलेल्या थर्ड लाइफ या मालिकेने या मांडणीला मरणाची मर्यादा घातली. त्यात १४ खेळाडू होते आणि प्रत्येकाला तीनच जीव. नाव आधी हिरवे, मग पिवळे आणि शेवटच्या जिवावर लाल. लाल झालेल्याला इतरांना मारण्याची मुभा. पहिल्याच भागात ग्रियनच्या थट्टेपायी एका क्रीपरचा, म्हणजे जवळ येऊन फुटणाऱ्या राक्षसाचा, स्फोट झाला आणि स्कारचा एक जीव गेला. त्याची भरपाई म्हणून ग्रियन त्याच्या बाजूने उभा राहिला, आणि शेवटी हे दोघेच उरले. हत्यारे बाजूला ठेवून, निवडुंगांच्या रिंगणात, ते नुसत्या मुठींनी लढले. ग्रियन जिंकला आणि मग स्वतः डोंगरावरून खाली उडी घेऊन त्याने खेळ संपवला. ठोकळ्यांच्या दोन आकृत्यांची ही झुंज पाहून डोळे भरून आलेले प्रेक्षक थोडे नव्हते, आणि त्यात नवल काहीच नाही.

याच काळात २०२० मध्ये सुरू झालेल्या ड्रीम एसएमपीने वेगळी वाट धरली. तिथले बहुतेक प्रसंग ट्विच या संकेतस्थळावर थेट प्रक्षेपणातून घडत. ढोबळ कथानक आधी ठरवून संवाद आयत्या वेळी सुचतील तसे बोलले जात. ल’मनबर्ग हे छोटे राष्ट्र, त्याची निवडणूक आणि १६ नोव्हेंबर २०२० रोजी त्याचाच संस्थापक विल्बर सूट याने सुरुंग लावून केलेला त्याचा विध्वंस हे तिचे गाजलेले टप्पे. २० जानेवारी २०२१ रोजी तिथल्या टॉमीइनिट या खेळाडूचे प्रक्षेपण एकाच वेळी साडेसहा लाखांहून अधिक लोक पाहत होते. हे नाट्य जोरकस होते. पण कथानकाचा भार वाढला की रोजचे खणणे-बांधणे मागे पडते आणि जगाचे वजन कमी होते, हेही तिथे दिसले. २०२३ मध्ये क्वाकिटी या खेळाडूने सुरू केलेल्या क्यूएसएमपी या मालिकेत वेगवेगळ्या भाषांचे खेळाडू तत्काळ भाषांतराच्या सोयीने एकमेकांशी बोलत. भारतात हा प्रकार मुख्यतः हिंदीतून रुजला. यससमार्टीपाय या वाहिनीवरची हिमलँड्स ही त्यातली परिचित मालिका.

हर्मिटक्राफ्टचा सीझन संपला की नवा सीझन कोऱ्या जगात सुरू होतो. जुने जग कोणालाही उतरवून घेता येईल असे खुले केले जाते. प्रेक्षक आपल्या संगणकावर ते उघडतो आणि वर्षभर पडद्यावर पाहिलेल्या रस्त्यांवरून एकटाच फिरतो. दुकानांवर भावाचे फलक तसेच असतात, काही पेट्यांत हिरेही उरलेले असतात.