मार्गाधिकार खटला (पोर्तुगाल विरुद्ध भारत)

मार्गाधिकार खटला : दमणहून दादरा आणि नगर हवेलीला जाताना मधे जी भारताची जमीन लागते तिच्यावरून जायचा-यायचा हक्क पोर्तुगालला आहे की नाही, यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात १९५५ ते १९६० चाललेला खटला. बोलताना नुसतं 'हेगची केस' म्हटलं तरी कळतं. भारत या न्यायालयात पक्षकार म्हणून पहिल्यांदा उभा राहिला तो याच केसमधे. गोव्याची जमीन यात वादात नव्हती, पण दमण, दादरा, नगर हवेली हा सगळा कारभार पणजीच्या पोर्तुगीज गव्हर्नर जनरलच्या हाताखालचा, शिवाय दादरा घेणाऱ्यांत आणि सिल्वासात (नगर हवेलीच्या मुख्य ठाण्यात) शिरणाऱ्यांत गोंयकार म्हणजे गोव्याचे लोक होते, त्यामुळे गोवा मुक्तीच्या इतिहासात ही केस येतेच, फक्त बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेली असते.

पार्श्वभूमी : दमण समुद्राकाठी, दादरा आणि नगर हवेली आत, चारी बाजूंनी भारत, आणि दादरा व नगर हवेली यांच्यामधे परत भारताचीच पट्टी. १९५३ पासून भारताने येण्याजाण्यावर बंधनं आवळायला सुरुवात केली. २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स या गोवामुक्तीच्या संघटनेच्या लोकांनी दादरा घेतलं, मग तशीच दुसरी संघटना आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक नगर हवेलीत शिरले आणि २ ऑगस्टला सिल्वासा पडलं. भारताने पोर्तुगालचे सैनिक सोडाच, साधे अधिकारीसुद्धा दमणहून पुढे जाऊ दिले नाहीत. हे सगळं मुक्तिलढ्याच्या पुस्तकांत भरपूर आहे (सुधीर फडके यांचा सहभाग वगैरे), इथे एवढं पुरे.

दावा दाखल कसा झाला : पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला १४ डिसेंबर १९५५ ला. १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मान्य असल्याचं घोषणापत्र दिलं (असं घोषणापत्र दिलेले देश एकमेकांवर तिथे दावा लावू शकतात) आणि २२ डिसेंबरला भारतावर दावा ठोकला. म्हणजे सभासद झाल्यावर आठव्या दिवशी, घोषणापत्रानंतर तिसऱ्या दिवशी. भारताला त्या घोषणापत्राची प्रत अधिकृतपणे पोचायच्याही आधी. भारताचं म्हणणं असं की हा डाव आहे, समोरच्याला आपलं घोषणापत्र बदलायची संधीच मिळाली नाही, बरोबरीचं तत्त्व राहिलं कुठे. एकूण सहा प्राथमिक आक्षेप घेतले. २६ नोव्हेंबर १९५७ च्या निकालात चार फेटाळले गेले आणि दोन मुख्य सुनावणीला जोडले. घोषणापत्र संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे दिलं त्या क्षणापासून ते लागू, दुसऱ्या पक्षाला कधी कळलं याच्याशी संबंध नाही, असं न्यायालयाने ठरवलं, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गात केसचा हाच भाग जास्त शिकवतात.

जोडलेल्या दोनांपैकी एक आक्षेप असा की ही भारताची अंतर्गत बाब आहे. दुसरा तारखेचा, आणि तो जास्त गमतीचा. भारताचं तेव्हाचं घोषणापत्र ब्रिटिश काळातलं, २८ फेब्रुवारी १९४० चं, आणि त्यात ५ फेब्रुवारी १९३० नंतरचेच वाद, तेही त्या तारखेनंतरच्या परिस्थितीबद्दलचे, अशी अट होती. भारत म्हणाला की पोर्तुगाल हक्क सांगतोय पेशवाईतल्या कागदावरून, मग वाद १९३० नंतरचा कसा? न्यायालय म्हणालं, हक्काचं मूळ जुनं असेल, पण तो नाकारला गेला १९५४ मधे आणि वाद तेव्हाच उभा राहिला. १९६० मधे हे दोन्ही आक्षेपही गेले.

१७७९ चा तह : सगळ्यात जास्त कागद खर्ची पडला तो यावर. पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात पुण्याला तह झाला, गादीवर सवाई माधवराव, वय लहान, कारभार नाना फडणीसांकडे आणि इंग्रजांशी लढाई चालू, त्यामुळे पोर्तुगीज निदान विरोधात तरी जाऊ नयेत हा हिशेब उघड आहे. तारीख साधारणपणे १७ डिसेंबर १७७९ देतात, पण बोलणी, मंजुरी आणि प्रती यांचे दिवस वेगवेगळे असल्यामुळे नुसतं १७७९ म्हणणं जास्त सुरक्षित. तह का झाला याची एक प्रचलित हकिगत अशी की मराठ्यांच्या आरमाराने १७७२ च्या सुमाराला 'सांताना' नावाचं पोर्तुगीज जहाज धरलं आणि त्याची भरपाई म्हणून गावं दिली. ही हकिगत बरेच जण देतात, पण तहाच्या १७ व्या कलमात कारण म्हणून मैत्रीच पुढे येते, तेव्हा भरपाई हे एकमेव कारण न धरता अनेकांतलं एक धरणं बरं.

त्या कलमाप्रमाणे वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगालला द्यायची होती. प्रत्यक्ष गावं लावून दिली ती १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी, आधी नगर हवेली, मग दादरा. प्रश्न असा की दिलं काय? गावाचा वसूल, की गावावरचं राज्य? पोर्तुगालचं म्हणणं सार्वभौमत्वासकट कायमचं दिलं. भारताचं म्हणणं तहाच्या प्रती आपसात जुळत नाहीत आणि मराठी दप्तरात अशा देण्याला जहागीर किंवा सरंजाम म्हणतात, म्हणजे नुसता वसूल घ्यायचा हक्क. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको, मोकाशाचा (वसुलासाठी लावून दिलेल्या गावाचा) वसूल घेणारा जमिनीचा मालक होतो का हे भांडण तिथे आजही पूर्ण मिटलेलं नाही.

न्यायालयाने भारताचं ऐकलं. समोर आलेल्या पाठांमधून सार्वभौमत्व द्यायचा हेतू दिसत नाही, सनदांवरून हे महसुली देणंच ठरतं, आणि असल्या देण्याचा अर्थ प्रदेश सोडून देणं असा लावल्याचं एकही उदाहरण पुढे आलं नाही, असं नोंदवलं. म्हणजे मराठ्यांच्या काळात ही गावं राज्य म्हणून पोर्तुगालची नव्हतीच. आणि राज्यच नाही तर राज्य चालवण्यासाठी वाट कसली, म्हणून त्या काळापुरता मार्गाधिकाराचाही प्रश्न संपला.

मराठा-पोर्तुगीज कागद वाचणाऱ्यांत यावर एकमत आहे असं नाही. त्याच दहा वर्षांत पोर्तुगीजांनी डिचोली, सत्तरी आणि पुढे पेडणे आपल्या राज्यात ओढलं, तेव्हा मिळेल ते राज्यच समजायचं ही लिस्बनची आणि पणजीची सवय होती असं एक मत. ते खरं असेल, पण घेणाऱ्याने काय समजून घेतलं यावरून देणाऱ्याने काय दिलं ते ठरत नाही, आणि पुणे दरबाराची सनदा लिहायची एकूण पद्धत बघता न्यायालयाचं वाचन जास्त पटतं.

ब्रिटिश काळ आणि वहिवाट : इथे केस उलटते. पेशवाई बुडाल्यावर, १८१८ नंतर, इंग्रज त्या भागाचे धनी झाले. त्यांना गावांत पोर्तुगीज बसलेले दिसले आणि त्यांनी ते तसेच राहू दिले, इंग्रजांनी स्वतः कधी त्या गावांवर हक्क सांगितला नाही. न्यायालयाच्या मते पोर्तुगालचं सार्वभौमत्व इंग्रजांनी वागण्यातून मान्य केलं आणि पुढे भारतानेही ते मुकाट्याने चालू दिलं. जे पेशव्यांच्या सनदेने मिळालं नाही ते इंग्रजांच्या गप्प राहण्याने मिळालं म्हणा ना.

मग सव्वाशे वर्षं दमण ते दादरा-नगर हवेली साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल बिनबोभाट जात-येत होता, मधेमधे जकातीची किंवा बंदोबस्ताची बंधनं यायची तेवढीच. भारताने म्हटलं की दोनच देशांत रूढी तयार होत नाही, त्याला जास्त देश लागतात. न्यायालयाने ते साफ नाकारलं, दोन राज्यांनी एखादी वहिवाट दीर्घकाळ आपसातला नियम म्हणून पाळली तर त्यातून हक्क आणि बांधिलकी का तयार होऊ नये, असा सवाल केला. स्थानिक किंवा द्विपक्षीय रूढी या विषयावर आज जगात कुठेही लिहायला बसलं की ही केस द्यावीच लागते.

सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांचं मात्र वेगळं. तिथे आधीपासून परवानगी मागायची पद्धत होती आणि १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात एकाचं सैन्य दुसऱ्याच्या हद्दीत रीतसर विनंतीशिवाय शिरणार नाही असं कलमच आलं. (गोव्यात हा करार आठवतो तो मिठागरं इंग्रजांच्या ताब्यात देणारा आणि मुरगावची रेल्वे आणणारा म्हणून, हे कलम कुणाच्या लक्षात नसतं.) त्याच साली ब्रिटिश हिंदुस्थानात हत्यारांचा कायदा झाला आणि शस्त्रं न्यायला लायसन्स लागायला लागलं. १९१३ आणि पुढच्या काही समझोत्यांनी सशस्त्र पोलिसांच्या लहान तुकड्यांना सवलत मिळाली, पण सवलत दिली म्हणजे मुळात हक्क नव्हता हेच त्यातून दिसतं.

निकाल : १२ एप्रिल १९६०. बाकावर पंधरा जण, त्यात भारतातर्फे नेमलेले एम. सी. छागला आणि पोर्तुगालतर्फे नेमलेले फर्नांडिस. भारताची बाजू मांडणाऱ्यांत ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड पुढे होते. १९५४ मधे पोर्तुगालला माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल नेण्याचा हक्क होता, पण भारताच्या नियमनाखाली आणि पोर्तुगीज सार्वभौमत्व चालवायला लागेल तेवढाच, हे ११ विरुद्ध ४ ने. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांचा हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७, एका मताने. आणि भारताने आपली बांधिलकी मोडली नाही, हे ९ विरुद्ध ६ ने, कारण दादरा गेल्यावर सीमेवर ताण होता आणि अशा वेळी वाट बंद ठेवणं नियमनाच्या अधिकारात बसतं.

म्हणून दोन्ही राजधान्यांना आपण जिंकलो असं म्हणता आलं. दोघांना खूश ठेवणारी तडजोड म्हणून या निकालावर टीका होते, आणि ८-७ बघता ती अगदीच हवेतली नाही. पण मुलकी हक्क वहिवाटीवर आणि लष्करी नकारही त्याच वहिवाटीवर उभा आहे, तर्क एकच आहे, तेव्हा नुसती तडजोड म्हणणं जरा घाईचं वाटतं. उलट बाजूने अर्जेंटिनाचे न्यायमूर्ती मोरेनो क्विंताना यांचं विरोधी मत बघण्यासारखं आहे, पोर्तुगालचा दावा मान्य करणं म्हणजे वसाहतवाद टिकवणं असा त्यांचा रोख होता. बहुमताने त्या वाटेला जायचं टाळलं. गावं आता कुणाची, या प्रश्नालाही हात लावला नाही.

पुढे : दादरा-नगर हवेलीत तोवर वरिष्ठ पंचायतीचा कारभार होता, तो प्रदेश दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून भारतात आला. त्याच डिसेंबरात गोवा, दमण, दीव मुक्त झाले आणि सुरक्षा परिषदेतला भारतविरोधी ठराव सोव्हिएत व्हेटोने पडला, त्या चर्चेत हेगच्या निकालाचा कुणाला फारसा उपयोग झाला नाही. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते तिथली सालाझारशाही (हुकूमशाही) गेल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, दिल्लीत सह्या केल्या मारिओ सोआरिश आणि यशवंतराव चव्हाण यांनी. त्याच वर्षी सप्टेंबरात भारताने न्यायालयाकडे नवं घोषणापत्र दिलं होतं. दावा लावायच्या आधी बारा महिन्यांच्या आत ज्या देशाने अधिकार मान्य केला असेल, त्याचा दावा भारतावर चालणार नाही, अशी अट त्यात होती, आणि २०१९ मधे त्याच्या जागी आलेल्या नव्या घोषणापत्रातही ती ठेवली आहे.