रंगसंगतीचे स्वयंचलित पूर्वदर्शन

टेक्स्ट एडिटरमध्ये उपलब्ध असलेल्या रंगसंगती, म्हणजेच थीम, प्रत्येक वेळी नाव टाइप न करता उघड्या मजकुरावर एकामागून एक लावून दाखवण्याच्या सोयीला रंगसंगतीचे स्वयंचलित पूर्वदर्शन म्हणतात. पार्श्वभूमी, साधा मजकूर, कीवर्ड (प्रोग्रामिंग भाषेतले राखीव शब्द), कॉमेंट (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा), निवडलेला भाग अशा घटकांना नेमून दिलेल्या रंगांचा संच म्हणजे थीम.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरमध्ये ही सोय अंगभूत आहे. कंट्रोल-के आणि पाठोपाठ कंट्रोल-टी दाबले की थीमची यादी उघडते. बाणाच्या कळीने यादीत सरकताना अख्खी खिडकी त्या त्या थीमचे रूप घेते, एंटरने निवड पक्की होते आणि एस्केपने आधीची थीम परत येते. विम या एडिटरमधील थीम बदलणाऱ्या ‘कलरस्कीम’ या आज्ञेला मात्र नाव द्यावे लागते. त्यामुळे ‘कलर्स’ फोल्डरांतील फाइलींची नावे गोळा करून थोड्या थोड्या वेळाने पुढची थीम लावणारी छोटी स्क्रिप्ट वापरकर्ते स्वतःच लिहितात. तिच्या लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, नुसता ‘स्लीप’ (थांबण्याची आज्ञा) घालून ‘रीड्रॉ’ (पडदा पुन्हा रंगवण्याची आज्ञा) विसरले, तर पडदा मध्ये बदलतच नाही आणि शेवटची थीम तेवढी दिसते. 2016 साली आलेल्या विम 8 मध्ये टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप आज्ञा चालवण्याची सोय, मिळाल्यापासून एडिटर अडवून न ठेवताही हे काम करता येते.

खरी अडचण आधीच्या थीमच्या उरलेल्या रंगांची असते. विमची थीम सहसा आधीचे रंग पुसणाऱ्या ‘हायलाइट क्लिअर’ने सुरू होते, ती ओळ नसेल, तर नव्या थीमने न नेमलेल्या घटकांवर जुनेच रंग राहतात. ईमॅक्स या एडिटरमध्ये ‘लोड-थीम’ ही आज्ञा नवी थीम जुनीवर चढवते, जुनी काढत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला ‘डिसेबल-थीम’ चालवावे लागते. हे न केल्यास दहाव्या थीमच्या नावाखाली आधीच्या नऊ थीमची सरमिसळ दिसते, आणि अशा पूर्वदर्शनावरून केलेली निवड फसवी ठरते. टर्मिनलमधील, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतील, विममध्ये ‘टर्मगुईकलर्स’ हा पर्याय बंद असेल, तर 24 बिटांच्या रंगांऐवजी टर्मिनलच्या मर्यादित, बहुधा 256 रंगांच्या संचातले रंग दिसतात. शिवाय 2011 सालच्या सोलराइज्डसारख्या थीमला उजळ आणि गडद अशी दोन रूपे असल्याने विममध्ये ‘बॅकग्राउंड’ पर्याय बदलून दोन्ही पाहावी लागतात.

नमुन्याच्या चार ओळींपेक्षा रोजच्या कामाची फाइल उघडी ठेवून पूर्वदर्शन पाहणे केव्हाही बरे, कारण पुष्कळ थीममध्ये कॉमेंट मुद्दाम फिक्या ठेवलेल्या असतात आणि साध्या मजकुरासाठी वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सुचवलेले 4.5:1 हे किमान रंगभेदाचे प्रमाण नेमके तिथे पाळले जात नाही.