गर्भारपणातील अवटू-अल्पक्रियता

गळ्यातील अवटू (थायरॉइड) ग्रंथीतून थायरॉक्सिन हे संप्रेरक पुरेसे न स्रवणे म्हणजे अवटू-अल्पक्रियता. गर्भाची स्वतःची ग्रंथी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन शोषू लागते. तथापि तिचा स्राव पुरेसा होईपर्यंत गर्भारपण निम्म्यावर येते. तोवर गर्भाच्या मेंदूच्या जडणघडणीसाठी लागणारे थायरॉक्सिन मुख्यत्वे मातेकडूनच येते.

याच सुमारास इस्ट्रोजेनमुळे मातेच्या रक्तात थायरॉक्सिनला बांधून ठेवणारे प्रथिन वाढते. निरोगी ग्रंथी वारेच्या एचसीजी संप्रेरकाने चेतवली जाऊन जास्त स्राव करते व टीएसएचची (अवटूला स्राव करण्यास चेतवणाऱ्या, मेंदूतळाच्या पीयूषिका ग्रंथीतील संप्रेरकाची) पातळी उतरते. दुर्बल ग्रंथीला हे साधत नाही. त्यामुळे लेव्होथायरॉक्सिनची (गोळीरूपात दिल्या जाणाऱ्या कृत्रिम थायरॉक्सिनची) मात्रा बहुधा २५ ते ५० टक्क्यांनी वाढवावी लागते, आणि ही गरज पाचव्या आठवड्यातही दिसू शकते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्याव्यात, असे अनेक डॉक्टर आधीच सांगून ठेवतात.

स्पष्ट अल्पक्रियतेवर उपचार करण्याबाबत दुमत नाही. वाद आहे तो टीएसएच किंचित वाढलेले, पण थायरॉक्सिन प्राकृत असलेल्या सौम्य अवस्थेबद्दल. अल्पक्रियतेवर उपचार न झालेल्या मातांच्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७ गुणांनी कमी असल्याचे १९९९ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले, आणि चाळणी-तपासणीच्या (लक्षणे नसतानाही सर्व गर्भवतींची तपासणी करण्याच्या) मागणीला जोर आला. मात्र २०१२ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत उपचारामुळे मुलांचा बुद्ध्यंक वाढल्याचे दिसले नाही. त्यांतील उपचार अनुक्रमे तेराव्या आणि सतराव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे उशिरा सुरू झाले, हा आक्षेप डावलण्याजोगा नाही. आरंभीच्या आठवड्यांचा निवाडा या चाचण्यांवरून करता येत नाही. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०११ मध्ये पहिल्या तिमाहीसाठी सुचवलेली २.५ (मिलियुनिट प्रति लिटर) ही टीएसएचची कमाल मर्यादा २०१७ मध्ये शिथिल केली आणि स्थानिक प्रमाण (त्या भागातील निरोगी गर्भवतींमधील टीएसएचची नेहमीची पातळी) उपलब्ध नसल्यास सुमारे ४ ही मर्यादा धरली. उपचाराचे लक्ष्य म्हणून मात्र २.५ हा आकडा टिकून आहे.

गोळी उपाशीपोटी घेतात. लोह व कॅल्शियम तिचे शोषण रोखतात, त्यामुळे त्या गोळ्या सुमारे चार तासांच्या अंतराने घ्याव्या लागतात. गर्भवतीला या तिन्ही गोळ्या बहुधा एकदमच चालू असल्याने बिघाड नेमका येथे होतो. टीएसएच गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासतात. प्रसूतीनंतर मात्रा पूर्ववत करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात.