ओळख, आठवण आणि वेदना (साहित्यात, गोव्याच्या अंगाने)

ही खरं तर वाचायची एक रीत आहे. कथा, कविता, आत्मचरित्र काहीही हातात घ्या आणि तीन गोष्टी बघत जा: हा माणूस स्वतःला कोण म्हणवतो, मागचं काय त्याच्या लक्षात राहिलंय, आणि दुखतंय कुठे. कॉलेजात आयडेंटिटी, मेमरी, ट्रॉमा असे तीन टॉपिक करून शिकवतात, पण पुस्तकात ते एकमेकांत गुंतलेलेच असतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ साली मांडलं की माणूस एकट्याने आठवत नाही, घर, धर्म, समाज यांच्या चौकटीत आठवतो.

गोव्यात हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही, इथे देवसुद्धा गाव सोडून आलेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला आणि लोकांना ख्रिस्ती करायला लागले तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला असे सगळे पोर्तुगीज हद्दीबाहेर गेले, आणि अजूनही देवाची गोष्ट निघाली की मूळ गाव सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

कुंकळ्ळीचं तर आणखीनच अवघड. १५८३ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी धर्मप्रसार करणारे पाच जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) पाद्री मारले, मग गावच्या प्रमुखांना बोलणी करायची म्हणून असोळण्याला नेऊन पोर्तुगिजांनी ठार केलं. चर्चसाठी ते पाद्री हुतात्मे आणि गावासाठी ते प्रमुख, म्हणजे एकाच गावात दोन आठवणी शेजारी शेजारी नांदतात. महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' ही कादंबरी याच धर्मांतराच्या काळावर आहे. ती वाचताना एक भान ठेवावं, हे सोसलेल्या माणसाने लिहिलेलं नाही, चारशेहून जास्त वर्षांनी कुणीतरी ते दुःख कल्पनेनं परत उभं केलंय. म्हणून ते खोटं ठरत नाही, फक्त साक्ष वेगळी आणि कादंबरी वेगळी.

हा फरक सगळ्यात नीट कळतो तो दोन मराठी पुस्तकांत. बा. भ. बोरकर म्हणजे आमचे बाकीबाब, त्यांची 'भावीण' कादंबरी १९५० ची, देवळाला बांधलेल्या बाईवर. लेखक कळवळ्याने लिहितो यात वादच नाही, पण तो त्या समाजातला नाही, बाहेरून बघणारा आहे. आणि १९६९ साली राजाराम रंगाजी पैंगणकर स्वतः कलावंत समाजातून, म्हणजे देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्यांतून येऊन आत्मचरित्र लिहितात, आणि नाव देतात 'मी कोण?'. एवढा थेट प्रश्न नावातच! पहिल्या पुस्तकात ज्यांच्यावर लिहिलंय तेच दुसऱ्यात स्वतः बोलतात, आणि तेही नुसतं सोसणं सांगायला नाही. देवळांच्या सेवेतल्या भाविणी, देवळी, कलावंत अशा वेगवेगळ्या गटांनी एकत्र येऊन 'गोमंतक मराठा समाज' हे नाव घेतलं, म्हणजे लोकांनी चिकटवलेली ओळख टाकून आपली आपण घडवली, आणि पैंगणकर त्या चळवळीतले. मराठीत दुखऱ्या आत्मकथनांची चर्चा बहुतेक वेळा दया पवारांच्या 'बलुतं'पासून, म्हणजे १९७८ पासून सुरू होते. त्याच्या नऊ वर्षं आधीचं हे पुस्तक त्या चर्चेत क्वचितच येतं आणि मला ते बरोबर वाटत नाही. गोव्यातलं म्हणून राहून गेलं असावं.

मुक्तिलढ्याच्या आठवणी हा वेगळाच ढीग आहे, त्यात मोहन रानड्यांचं 'सतीचे वाण' आधी वाचावं. सवयीचं देशभक्तीपर समजून उघडू नये, १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी हा माणूस पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटला तो १९६९ मध्ये.

राहिली भाषा, आणि तिथे सगळेच हळवे. १६ जानेवारी १९६७ च्या ओपिनियन पोलमध्ये, म्हणजे जनमत कौलात, गोव्यातल्या लोकांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नको म्हटलं, १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामकाजात जागा मिळाली. तेव्हापासून लेखक कुठल्या भाषेत लिहितो यावरूनच तो कुणाचा ते लोक ठरवून टाकतात. बोरकरांनी दोन्हींत लिहिलं, त्यांचं काय करणार? आणि मागे जावं तर थेट 'ख्रिस्तपुराण', १६१६ मध्ये राशोलला छापलेलं, भाषा मराठी, लिपी रोमन, लिहिणारा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आणि ऐकणारे गोव्याच्या साष्टी तालुक्यातले नवे ख्रिस्ती. त्यात सुरुवातीलाच एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं एखादं पुराण तरी द्या.