अकरावीला आयटी की सीएस? दोन्हीत कॉम्प्युटर आहे, पण विषय एक नाही

अकरावी सायन्सचा प्रवेश घेताना कॉम्प्युटर दोन ठिकाणी भेटतो. एक इन्फॉर्मेशन टेक्नॉलॉजी, म्हणजे आपलं आयटी, आणि दुसरा कॉम्प्युटर सायन्स, म्हणजे सीएस. पालक हमखास विचारतात, सर दोन्ही एकच ना, मग ज्याची फी कमी तो द्या. एकच नाहीत हो. मी ज्युनियर कॉलेजला दोन्ही शिकवलेत आणि पोरं चुकीच्या वर्गात येऊन बसलेली बघितलीत म्हणून जरा सविस्तर लिहितोय. हे सगळं स्टेट बोर्डाचं, सीबीएसईचं शेवटी थोडक्यात.

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की तो विषय घेतला की हातातून काय जातं. आयटी १०० मार्कांचा, तो दुसऱ्या भाषेच्या जागी बसतो. म्हणजे मराठी किंवा हिंदी गेली, पण फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायो चारही ठेवता येतात. सीएस हा बायफोकल, म्हणजे दोन विषयांच्या जागी बसणारा, २०० मार्कांचा, तो दुसरी भाषा तर खातोच वर सायन्सचा एक विषय पण खातो, आणि बहुतेक पोरं बायोलॉजी सोडतात. मग इंग्रजी, तीन सायन्सचे विषय आणि सीएसचे २०० असे मिळून ६००. त्यामुळे ज्याच्या डोक्यात अजून 'डॉक्टर की इंजिनियर' चालू आहे त्याने सीएसला हात लावायच्या आधी दोनदा विचार करावा. आयटी आर्ट्स आणि कॉमर्सलाही आहे, तिन्हीचे कोड वेगळे, सायन्सला ९७, आर्ट्सला ९८, कॉमर्सला ९९, आणि धडेही थोडे वेगळे, कॉमर्सवाल्यांना जीएसटीसकट कॉम्प्युटरवरचं अकाउंटिंग असतं. (आयटी स्कोरिंग म्हणून पोरं मराठी सोडून येतात त्यामुळे स्टाफरूममधले मराठीचे सर आमच्याकडे जरा तिरकेच बघतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नाही.)

आता आत काय असतं. बारावी सायन्सच्या आयटीत एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, पीएचपी, एसईओ (सर्चमध्ये साइट वर आणणं), ई-कॉमर्स, थोडक्यात वेबसाइट कशी बनते आणि लोकांपर्यंत कशी जाते. सीएसचे दोन पेपर. पहिल्यात ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस आणि चवीपुरतं एचटीएमएल. दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू असते तशी एक जुनी चिप), त्याचं प्रोग्रामिंग, एक्स-८६ (पीसीतल्या प्रोसेसरचं घराणं), मायक्रोकंट्रोलर, नेटवर्किंग.

फरक नीट कळतो तो लॅबमध्ये. साधी दोन आकड्यांची बेरीज घ्या. आयटीचा पोरगा दोन टेक्स्टबॉक्स काढतो, बटण देतो, ५ आणि ३ टाकतो आणि उत्तर येतं ५३. मग त्याला सांगायचं की बाबा टेक्स्टबॉक्समधून आलेलं सगळं जावास्क्रिप्टला अक्षरंच वाटतं, आधी पार्सइंट लावून त्याचा आकडा कर, मग बेरीज. दहा मिनिटांत कळतं, पुढे रंग देत बसतो.

सीएसच्या दुसऱ्या पेपरच्या लॅबमध्ये तशीच बेरीज करायला ८०८५ चं किट, हेक्सचा (दहाऐवजी सोळावर मोजायची पद्धत, दहा ते पंधराला ए ते एफ) कीपॅड आणि लाल आकड्यांची छोटी डिस्प्ले. कॉम्प्युटर नाहीच. पोरगं वहीत प्रोग्राम लिहितं, शेजारी तक्त्यातून कोड उतरवतं आणि एकेक बाइट दाबत जातं: ३ई ०९, ०६ ०८, ८०, ३२ ५० सी०, ७६. म्हणजे ए मध्ये (चिपमधला छोटा कप्पा, त्याला रजिस्टर म्हणतात) नऊ ठेव, बी मध्ये आठ ठेव, बेरीज कर, सी०५० या पत्त्यावर ठेव, थांब. पत्ता उलटा टाकायचा, आधी ५० मग सी०, इथे निम्मा वर्ग अडकतो. रन करून सी०५० उघडलं की तिथे दिसतं ११, आणि ओरड सुरू, सर किट खराब आहे, नऊ आणि आठ अकरा दाखवतंय. किट ठीक असतं, ते हेक्समधले ११ म्हणजे आपले सतरा. हे ज्या पोराला गंमत वाटून तो लगेच दहा आणि सात टाकून बघतो त्याने सीएस घ्यावं. ज्याला वैताग येतो त्याला दोन वर्षं जड जातात, मग मॅथ्समध्ये कितीही मार्क असोत.

८०८५ ही चिप १९७६ ची, मग आता कशाला शिकवता असं लोक विचारतात. मला ती चालते, रजिस्टर, कॅरी म्हणजे हातचा, मेमरी हे एवढं उघडं दुसरीकडे दिसत नाही. माझा राग आहे तो टर्बो सी प्लस प्लस या सी प्लस प्लस चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या स्क्रीनवर, कित्येक लॅबमध्ये अजून तीच चालते, आणि मग पोरं पुढे इंजिनिअरिंगला गेली की नव्या कंपायलरवर (प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) स्क्रीन पुसायची जुनी क्लिअरस्क्रीन कमांड का चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

परीक्षाही वेगळी. आयटीचा ८० मार्कांचा पेपर कॉम्प्युटरवरच असतो, रिकाम्या जागा, चूक-बरोबर, जोड्या, दोन किंवा तीन बरोबर पर्याय निवडा असे प्रश्न आणि शेवटी टाइप करायचे प्रोग्राम, वर २० प्रॅक्टिकलचे. सीएसचा पेपर हातानेच लिहायचा, दोन्ही पेपर ५० थिअरी ५० प्रॅक्टिकल.

आणि एक गैरसमज, की सीएस घेतलं की इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर ब्रँच पक्की. असं काही नाही. सीईटीत ना आयटी विचारतात ना सीएस, तिथे फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्सच, आणि इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष प्रोग्रामिंग शून्यापासूनच सुरू करतं. बायफोकलवाल्याला सुरुवातीला थोडं सोपं जातं, एवढंच.

सीबीएसईवाल्यांचा गोंधळ निराळा. तिथे नववी-दहावीला आयटी ४०२ हा स्किल विषय, लिबरऑफिस वगैरे, आणि अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स ०८३ की इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस ०६५ हा प्रश्न. दोन्हीत पायथॉन आणि एसक्यूएल आहे, फक्त ०८३ मध्ये फाइल, स्टॅक असं प्रोग्रामिंग जास्त आणि ०६५ मध्ये पांडास ही पायथॉनची डेटासाठीची लायब्ररी घेऊन डेटा आणि आलेख.

सीएस घ्यायचं ठरलंच तर ॲडमिशनआधी त्या कॉलेजात जाऊन एकदा लॅब उघडायला सांगा. किती किट आहेत, त्यातली चालतात किती आणि एका किटवर किती पोरं बसतात हे विचारा, कारण एकावर पाच बसवले तर दाबणारा एक आणि बघणारे चार. आयटीसाठी एवढं बघायची गरज नाही, घरी जुना लॅपटॉप असला तरी सगळं करता येतं.