नरात शून्य, मादीत सतरा टक्के

फळमाशीचे काळे शरीर आणि खुरटे पंख ही दोन्ही लक्षणे दुसऱ्या गुणसूत्रावरची. शुद्ध रानटी माशी आणि या दोन्ही लक्षणांची माशी यांच्या संकरातून आलेली मादी दुहेरी अप्रभावी, म्हणजे ही दोन्ही लक्षणे दिसणाऱ्या, नराला दिली, की सुमारे १७ टक्के पिल्ले पुनर्संयोजित, म्हणजे दोहोंपैकी एकच लक्षण असलेली, निघतात. जोडी उलटी केली, म्हणजे संकरित नर आणि दुहेरी अप्रभावी मादी घेतली, तर एकही नाही. जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनने १९१२ मध्ये हेच नोंदवले: या नरात क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीच्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल, होतच नाही.

इंदुरात हा प्रयोग लावणाऱ्याने संकरित मादी कुमारीच घ्यावी. २५ अंशांवर कोषातून बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत वेगळी काढावी. भावाशी तिचा संग झाला असेल, तर आकडेच चुगली करतात: पुनर्संयोजित साडेआठ टक्क्यांवर येतात आणि रानटी दिसणारी पिल्ले ७० टक्क्यांच्या पुढे जातात. सातव्या-आठव्या दिवशी आईबाप काढून टाकावेत, नाहीतर पुढची पिढी मोजणीत मिसळते. बाटलीतले खाद्याचे माध्यम ओले नको. खुरट्या पंखांच्या माश्या त्यात चिकटून मरतात आणि तो गट उगाच कमी दिसतो. माळव्याच्या मे महिन्यात थंड इनक्युबेटर नसेल तर प्रयोग हिवाळ्यावर ढकलावा. तिशीच्या आसपास नर वांझ होऊ लागतात, शिवाय प्लॉने १९१७ मध्ये दाखवले की फार उष्ण किंवा फार थंड तापमानात सेंट्रोमियरजवळचे (पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढले जाते त्या भागाजवळचे) क्रॉसिंग ओव्हर वाढते. ही दोन जनुके नेमकी सेंट्रोमियरच्या दोन बाजूंना आहेत.

मॉर्गनपाठोपाठ तानाका यांना रेशीमकिड्यात उलटे सापडले: तिथे मादीत क्रॉसिंग ओव्हर नाही. माशीत नराची लिंगगुणसूत्रे असमान, रेशीमकिड्यात मादीची. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये यावरून नियम मांडला, की असमान लिंगगुणसूत्रे ज्याची, त्यात पुनर्संयोजन कमी. हक्स्ली यांनी १९२८ मध्ये त्यावर पुढे लिहिले. एका लिंगात ते पूर्ण थांबते तिथे नियम चांगला लागू पडतो. दोन्ही लिंगांत चालू असते तिथे मात्र डगमगतो: ऑपॉसम या पिशवीवाल्या सस्तन प्राण्यात नरातच जास्त आहे.

माणसात २००२ च्या आइसलँडच्या जनुकीय नकाशात स्त्रीच्या नकाशाची लांबी सुमारे ४,२८० सेंटिमॉर्गन (पुनर्संयोजनाचे माप) भरली, पुरुषाच्या नकाशाची सुमारे २,५९०; म्हणजे स्त्रीत पुनर्संयोजन जास्त. जागाही निराळ्या, पुरुषात क्रॉसिंग ओव्हर गुणसूत्रांच्या टोकांकडे जास्त होते. अंडपेशीत गुणसूत्राचा अक्ष लांब आणि त्यावरचे क्रोमॅटिनचे (डीएनए व प्रथिनांच्या धाग्याचे) वेढे आखूड असतात, त्यामुळे अदलाबदलीला जागा जास्त मिळते.