क्रोमला गंज चढत नाही, मग बंपरवरचे ठिपके कुठून आले?

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या बंपरवर तांबूस ठिपके दिसायला लागले की बघणारा म्हणतो, क्रोम गंजलं. पण तांबूस गंज येतो तो लोखंडाला, आणि तो लोखंडी पत्रा क्रोमच्या खाली असतो. ठिपका वर दिसतो, दुखणं आत असतं. हे ध्यानात न घेता लोक बंपर घासत सुटतात आणि उरलंसुरलं क्रोमही घालवून बसतात. जुन्या गाडीच्या चकचकीत भागांना हात लावण्याआधी तो भाग कोणत्या धातूचा आहे आणि त्याच्यावर कसला थर आहे, हे ओळखणं म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं काम धीराचं.

सोलापूरकरांनी या गाडीकडे जरा आपलेपणाने बघायला हरकत नाही. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, जन्म 1882 चा. कंपनी त्यांनी 1944 साली काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट, मग पद्मिनी बाहेर पडली. आज सोलापुरात कुणी अशी गाडी जपत असेल, तर तो गावच्या माणसाच्या उद्योगाची खूण जपतोय असं मी मानतो.

आता बंपर. लोखंडी पत्र्यावर आधी निकेलचा थर दिलेला असतो, बऱ्याचदा त्याच्याही खाली तांब्याचा. निकेल साधारण 10 ते 30 मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सगळ्यात वर क्रोम, आणि ते जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉनचा धरला, तर त्या जाडीत क्रोमचे शंभरावर थर सहज मावतील. क्रोम काचेपेक्षा कठीण असतं, ओरखडे सोसतं, हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून स्वतःवर दोन-तीन नॅनोमीटरचं पक्कं कवच धरतं. पण त्यात न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात. अशा एखाद्या छिद्रातून, निकेलच्याही पार, पाणी लोखंडापर्यंत पोचलं की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. लोखंड जास्त क्रियाशील, निकेल आणि क्रोम कमी. त्यामुळे झिजतं ते लोखंड, आणि आजूबाजूचा सगळा चकचकीत पृष्ठभाग त्या एवढ्याशा जागेवर भार टाकतो. म्हणून गंज बंपरभर पसरण्याऐवजी टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत खोल उतरतो. जस्त चढवलेल्या बादलीत नेमकं उलटं होतं. तिथे जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. क्रोममध्ये हा गुण नाही. ते फक्त झाकतं.

समुद्राच्या हवेतलं मीठ या बॅटरीला फार मानवतं. म्हणून मुंबईत आयुष्य काढलेली गाडी विकत घेतली तर बंपर सोडवून मागची बाजू आधी बघावी. सोलापूरच्या कोरड्या हवेत ही झीज बरीच मंदावते.

घासून क्रोम कुठे संपलंय हे डोळ्यांनी ओळखता येतं. सकाळच्या उजेडात बंपरकडे तिरकं बघा. क्रोमची झाक निळसर असते, निकेलची पिवळसर. कोपऱ्यांवर, उंचवट्यांवर पिवळसर दिसलं तर तिथे क्रोम उरलेलं नाही. बफिंगच्या, म्हणजे पॉलिश करण्याच्या कापडी चाकाने पिवळसर भाग आणखी चकाकेल, पण तो निकेल चकाकत असेल आणि काही महिन्यांत काळवंडेल. शाबूत क्रोमवरच्या ठिपक्यांसाठी स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. अॅल्युमिनियम क्रोमहून मऊ, त्यामुळे क्रोमला ओरखडा न येता वरचा गंज निघतो. खड्डा राहतो, तो भरत नाही. मग कोरडं पुसून मेण लावायचं, म्हणजे छिद्रात पाणी शिरणार नाही. क्रोम वाचवण्याचं घरी करण्यासारखं काम इथेच संपतं.

बाकीच्या भागांसाठी लोहचुंबक लागतो. बंपरला तो घट्ट चिकटतो. दाराच्या हँडलला चिकटत नाही आणि हँडल हाताला जड लागतं, तर ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम आहे. बाजारात त्याला मझाक म्हणतात. चिकटत नाही आणि दारावरची शोभेची पट्टी एकदम हलकी आहे, तर अॅल्युमिनियम. स्टेनलेस स्टील मात्र चकवतं. त्याच्या काही प्रकारांना चुंबक चिकटतो, काहींना नाही. पट्टी सोडवून मागे बघावं. स्टेनलेसची पाठही पांढरीच असते, मुलामा दिलेल्या पट्टीच्या पाठीवर गंज सापडतो. तेच मॉडेल असलं तरी सालागणिक धातू बदललेला असू शकतो, तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा अंदाज बांधू नये.

यातली स्टेनलेसची पट्टी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती खरोखर मूळ रूपात परत आणता येते. तिच्यावर मुलामा नसतो. किमान साडेदहा टक्के क्रोमियम पोलादातच मिसळलेलं असतं, त्यामुळे वरचं घासून गेलं तरी खालून तेच निघतं आणि क्रोमियमचं कवच हवेत आपोआप पुन्हा धरतं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 साली असं पोलाद वितळवलं आणि आज आपल्या घरातल्या ताटवाट्यांपर्यंत ते पोचलं आहे.

पण ठोकताना हे पोलाद हट्टी आहे. धातूच्या स्फटिकात अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकतात म्हणून तो वाकतो. प्रत्येक ठोक्यागणिक या रांगांमध्ये गुंते वाढतात आणि धातू कडक होत जातो. काही स्टेनलेसमध्ये तर ठोक्याने स्फटिकाची रचनाच बदलते. मूळ पट्टीला न चिकटणारा चुंबक पोचा आलेल्या कोपऱ्यावर किंचित ओढला जातो, हे करून बघण्यासारखं आहे. तापवून मऊ करावं म्हटलं तर हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं आणि पातळ पट्टी तोवर वाकडी झालेली असते. म्हणजे ठोके मोजकेच मारायचे आहेत.

चांगला डेंटर पट्टी उलटी करून कठीण लाकडावर ठेवतो आणि गोल टोकाच्या छोट्या हातोडीने मागून, पोच्याच्या कडेपासून मध्याकडे, हलके ठोके देतो. मध्येच थांबून सुती फडकं हातात धरतो आणि पट्टीवरून बोटं फिरवतो. फडक्यामुळे बोट अडखळत नाही आणि डोळ्यांना न दिसणारा उंचवटा कळतो. मग पुढच्या बाजूला मार्करची शाई फासायची आणि बारीक कानस एकदाच फिरवायची. शाई निघाली तो उंचवटा, राहिली तो खड्डा. खड्डा मागून आणखी थोडा उचलायचा, पुन्हा शाई, पुन्हा कानस. शाई सगळीकडून सारखी निघाली की ठोकणं संपलं. कानशीने उंचवटे उतरवत बसायचं नाही. पत्रा मुळात पातळ असतो, आरपार भोक पडतं.

इथून पुढे पॉलिश. चमक येते म्हणजे काय होतं? वारा पडलेला असला की सिद्धेश्वर तलावात मंदिराचं प्रतिबिंब स्वच्छ दिसतं, वारा सुटला की विस्कटतं. पाणी तेच असतं. धातूचंही तसंच. प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. पृष्ठभागावरचे ओरखडे याहून बरेच मोठे असतील तर किरण वाटेल तिकडे फाकतात आणि धातू पांढुरका दिसतो. ओरखडे याहून बारीक झाले की आरसा. 400 नंबरच्या वॉटर पेपरचा कण सुमारे 35 मायक्रॉनचा, 2000 नंबरचा सुमारे 10 मायक्रॉनचा. प्रत्येक पेपर आधीच्याचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे ठेवतो. म्हणून 400, 600, 1000, 2000 असं पाणी लावत जायचं आणि दर वेळी घासण्याची दिशा आडवी-उभी बदलायची. आधीच्या दिशेचा एकही ओरखडा दिसत नाही तोवर पुढचा पेपर घ्यायचा नाही. मधला एखादा टप्पा गाळला तर तो ओरखडा बफखाली लपतो आणि उन्हात गाडी उभी केली की उठून दिसतो.

शेवटचं काम सुती कापडाच्या चाकाचं. स्टेनलेससाठी चाकाला हिरवी वडी लावतात. ती हिरवी असते क्रोमियम ऑक्साइडमुळे. पट्टीला वर्षानुवर्षं वाचवणारं कवचही क्रोमियमच्या ऑक्साइडचंच. सराफ सोन्याला लावतात ती लाल पूड म्हणजे आयर्न ऑक्साइड. गंजातही असतं ते लोखंडाचं ऑक्साइडच, पूड फक्त अतिशय बारीक आणि शुद्ध केलेली.

चाकाशी खेळ नको. आठ इंची चाक मिनिटाला 2800 फेरे घेत असेल तर त्याची कड ताशी सुमारे 105 किलोमीटरने धावते. पट्टीची कड चाकाच्या तोंडावर आली तर चाक ती हिसकावून फेकतं. चाक नेहमी कडेवरून बाहेर निघेल अशा बेताने पट्टी धरावी, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि हातमोजे किंवा सैल बाही नको, ती चाकात ओढली जाते. शिवाय स्टेनलेसमधून उष्णता फार हळू वाहते, अॅल्युमिनियमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. एकाच जागी दाबून धरलं तर ती जागा पिवळी, मग निळी पडते. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा 43-44 वर असताना, हे काम सकाळी लवकर उरकलेलं बरं. पट्टी तापली की माणूस घाई करतो.

अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बहुतेक वेळा अॅनोडायझिंग असतं, म्हणजे विजेच्या साहाय्याने मुद्दाम जाड केलेला ऑक्साइडचा थर. ऊन-पावसाने तो दुधी होतो आणि कितीही पॉलिश लावलं तरी हलत नाही, कारण घासकागदावर वापरतात तेच हे अॅल्युमिनियम ऑक्साइड. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तो विरघळतो, पण पाठोपाठ धातूही विरघळू लागतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. उघड्यावर, रबरी मोजे आणि चष्मा घालून, नजर न हटवता करायचं काम आहे हे. नंतर पट्टी आरशासारखी होते, पण उघडी पडते. पुन्हा अॅनोडायझिंग करून घ्यावं, नाहीतर नेमाने मेण.

मझाकच्या हँडलवर फोड आले तर मात्र घरी हात लावू नये. फोडाखाली जस्त झिजून पांढरी भुकटी झालेली असते. साध्या आम्लात हँडल टाकलं तर तेच विरघळतं, आणि ते 380 अंशांच्या पुढे वितळायला लागतं. जाणकार प्लेटिंगवाला खड्डे कोरून साफ करतो, तांब्याचा थर देतो, खड्डे कथिल-शिशाच्या डाकाने भरतो आणि मग निकेल-क्रोम चढवतो. बंपर पूर्ण गेला असेल तर त्यालाही प्लेटिंगच हवं. क्रोमिक आम्लाची टाकी घरी भरायचा विचारही करू नये. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि टाकीतली बरीचशी वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते. त्या बुडबुड्यांबरोबर आम्लाचं धुकं श्वासात येतं. सांडपाण्यावर नीट प्रक्रिया करणारा कारखाना निवडावा, चार पैसे जास्त पडले तरी.

पट्ट्या परत बसवण्याआधी दारावरची क्लिपांची भोकं तपासा. पाणी तिथेच अडतं आणि पत्रा आतून सडतो. गंज खरवडून प्रायमर, रंग, भोकाच्या कडेला थोडं ग्रीस, आणि जुन्या लोखंडी क्लिपांऐवजी नायलॉनच्या. धुताना आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की बफने काढलेले ओरखडे परत येतात. बोअरचं पाणी उन्हात क्षणात वाळतं आणि कॅल्शियमचे पांढरे डाग सोडतं, म्हणून गाडी सावलीत धुवा आणि लगेच पुसा. त्यासाठी दुकानातलं महागडं कापड शोधायची गरज नाही, आपल्या गावचा सुती टर्किश टॉवेल मऊ होईपर्यंत वापरून झालेला असला की पुरे.